एकदाच विचारायचं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुण्यात मी एकतीस वर्षं खानावळ चालवली आणि त्या काळात पहिला नकार कधी खरा धरला नाही. पानावर बसलेला माणूस ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा हात बाजूला करून पोळी वाढायची. अर्धी तरी घ्या म्हणायचं. घेतात. पोटात आग पडलेली असली तरी माणूस आधी नकोच म्हणतो.

नवरा गेल्यावर मुलाने कागदपत्रं करून मला म्युनिकला आणलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, उबदार आहे, गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे. तक्रार नाही. मुलगा आणि सून सकाळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून कामाला जातात, नात शाळेत जाते. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. मी आले त्या आठवड्यात तिने विचारलं, बागेत येतेस का. मी नको म्हटलं, म्हणजे तिने पुन्हा विचारावं. तिने बूट घातले आणि ती गेली. मुलगाही तसाच झालाय. "आई, चहा घेणार?" "नको." "बरं." आणि एकाच कपाचं पाणी ठेवतो.

खालच्या मजल्यावर माझ्याच वयाची एक जर्मन बाई एकटी राहते. माझ्या फोडणीच्या वासाची तक्रार घेऊन ती एकदा वर आली. ती काय बोलते ते मला कळेना, म्हणून मी तिच्यापुढे कांदाभजी ठेवली. तिने सहा खाल्ली आणि तक्रार तिथेच राहिली. मंगळवारी आणि गुरुवारी ती स्टेशनजवळच्या एका ठिकाणी बटाटे सोलायला जायची. पुढच्या मंगळवारी तिने दार वाजवलं, माझी सुरी बोट दाखवून मागितली, आपल्या पिशवीत टाकली आणि मला घेऊन गेली.

ती रस्त्यावर राहणाऱ्यांची दिवसाची जागा होती. एक मोठी खोली, स्वयंपाकघर, अंघोळीची सोय, कपडे धुवायचं मशीन. दारू न सुटलेले, स्वतःशी भांडणारे, घर गेलेले, सगळे तिथे यायचे. पहिल्या दिवशी मला किळस आली. खोटं कशाला सांगू? मग कांदे चिरायला घेतले आणि डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याचंच होतं.

तिथला कारभार पगारावर काम करणारी एक तरुण बाई बघते. ती जर्मनमध्ये तिच्या फोनशी बोलायची आणि फोनमधली बाई मला मराठीत सांगायची. फोनमधली बाई फार शिकलेली. "कृपया आपण येथे आसनस्थ व्हावे," म्हणाली. मी म्हटलं, बसते गं बाई.

त्या पहिल्याच दिवशी तिने मला भिंतीवरची पाटी दाखवली. जेवण असो, कपडे असोत, अंघोळ असो, माणसाला एकदाच विचारायचं. तो नको म्हणाला की विषय संपला. या लोकांवर आयुष्यभर सगळ्यांनी जबरदस्ती केली, निदान इथे त्यांच्या नकाराला मान द्यायचा. ही पद्धत पोर्तुगालच्या लोकांकडून आली, म्हणे. सहा-सात देशांतल्या अशा जागा एकमेकींशी जोडलेल्या आहेत. वर्षातून दोनदा हे लोक एकमेकांकडे जातात, दुसऱ्याचं काय चांगलं चाललंय ते बघतात आणि आपल्याकडे आणतात. सकाळी लवकर दार उघडायचं हे हॉलंडकडून आलं होतं. मला ती पाटी उद्धटपणाची वाटली. पुण्यात मी एकदाच विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईला वाढायचं जिवावर आलंय.

ताटं पुसायला एक पोलंडचा माणूस यायचा. साठीच्या आसपासचा, लांब हातांचा. इथे बांधकामावर परांच्या उभ्या करायचा. वरून पडला, पाठ गेली, काम गेलं, खोली गेली, दारू आली. झोपायचा पुलाखाली. मी धुवायची, तो पुसायचा, मग आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचो. तो काही बोलायचा नाही. मी मराठीत बोलायची. नवऱ्याच्या आजारपणाचं, गुडघ्यांचं, सुनेच्या वातड पोळ्यांचं. त्याला काय कळत होतं? काहीच नाही. पण मुलाच्या घरात आल्यापासून माझं बोलणं पुरं होईपर्यंत कोणी बसलं नव्हतं. शेजारीण मला कोपराने ढोसायची, त्याच्याकडे भुवया उडवायची आणि आपल्या बोटातली लग्नाची अंगठी दाखवायची. मी तिला मराठीतच सांगायची, "आधी तुझा पडका दात बसव, मग चेष्टा कर." ती म्हणायची, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. ती कशालाही तेच म्हणते.

ऑक्टोबरात बाहेरच्या देशांतले लोक आले. गळ्यात नावाच्या पट्ट्या, हातात वह्या. त्यांत पोलंडची एक बाई होती. तिने त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, आणि वर्षभर मी ज्याला जवळजवळ मुका समजत होते तो माणूस तासभर बोलला. हात हलवून बोलला, एकदा हसलाही. मी तेवढ्यात त्याच्या वाटणीची ताटंही पुसून टाकली. वाईट वाटलं मला. चार-पाच देशांची माणसं त्या खोलीत होती, सगळ्यांना कोणी ना कोणी बोलायला होतं.

त्या बाईचं पोलंडमधल्या एका खेड्यात घर होतं. तिथे दारू सोडलेली माणसं एकत्र राहतात, भाजी लावतात, कोंबड्या पाळतात. इथल्या आणि तिथल्या लोकांनी मिळून ठरवलं की त्याच्यासाठी तिथे एक खाट राखायची. अट एकच. बसमध्ये बसायच्या आधी सलग सहा आठवडे दारूचा थेंब नको, कारण तिथे बाकीचे मोठ्या कष्टाने सावरलेले असतात. फोनमधल्या बाईने मला हे सांगितलं. शेजारणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बसचा दिवस दाखवला. नाताळच्या आधीचा शुक्रवार.

तो रोज कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ मारायचा. डिसेंबरात पाच आठवडे झाले होते. हात थरथरायचे थांबले होते, दाढी केलेली असायची.

त्याच सुमारास सुनेला ऑफिसातून चॉकलेटचा डबा मिळाला. डब्यावर लालभडक चेरीचं चित्र होतं. डबा आठवडाभर फ्रीजवर पडून होता. मला साखर आहे, मी चॉकलेट खात नाही. तो जाणार, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून मी डबा पिशवीत टाकून गुरुवारी तिकडे नेला.

ताटं झाल्यावर टेबलावर डबा उघडला. त्याने आत बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "घ्या हो, एक घ्या." त्याने छातीवर पंजा ठेवला आणि पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात. हे मला नवं नव्हतं. एकतीस वर्षांत असे हजार पंजे मी बाजूला केले होते. मी एकाचा लाल कागद सोडवला, त्याचा हात उघडला, चॉकलेट त्यात ठेवलं आणि त्याची बोटं मिटली. "म्हातारीला नाही म्हणू नये," म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ते तोंडात टाकलं. थोड्या वेळाने कोट घालून तो बाहेर गेला. त्या दिवशीची रेघ त्याने मारली नाही. ते मला नंतर आठवलं.

संध्याकाळी सून फ्रीजवर हात फिरवत म्हणाली, "आई, तो चॉकलेटचा डबा कुठाय?"

"तिकडे नेला. पोलंडवाल्याला दिलं एक."

"अहो आई! त्यात ब्रँडी असते. आतमध्ये, पातळ. डब्यावर लिहिलंय."

"चेरीचं चित्र होतं."

"चेरी ब्रँडीतच बुडवलेली असते." ती खुर्चीत बसली. "तिथे काही बोलू नका. ऐकताय ना? तुम्ही इथे नवीन. आपल्या हातून झालं हे कुणाला कळायचं कारण नाही."

"त्याला कळलंय," मी म्हटलं.

शुक्रवार माझा दिवस नव्हता. तरी मी एकटी ट्रामने गेले. तो आला नव्हता. त्या तरुण बाईचा हात धरून मी तिला फोन काढायला लावला आणि फोनमध्ये सांगितलं, "त्याने दोनदा नको म्हटलं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, त्याची नाही. पोलंडला असंच्या असं कळवा." ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फोन बाजूला ठेवला. मग तिने मला पाटीखाली नेलं, तिच्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "हो. दिसली."

तीन आठवडे तो आला नाही. बसचा शुक्रवार गेला. शेजारणीने त्याला स्टेशनमागे बाटलीबरोबर बघितलं होतं. तिने अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला. त्या दिवशी ती गेनाऊ म्हणाली नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला एका मंगळवारी तो आला. वास येत होता, दाढी वाढलेली. पुसायचं फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी उभा राहिला. एक ताट हातातून सुटून फुटलं. तुकडे मी गोळा केले. सॉरी हा शब्द मला येत होता, तो मी म्हटला. त्याने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय ते मी या वेळी ठरवायला गेले नाही.

दुपारी त्या तरुण बाईने कॉम्प्युटरवर पोलंडच्या बाईला बोलावलं. दोन देशांमधलं ते बोलणं बराच वेळ एका चॉकलेटवर चाललं होतं. मधेच पडद्यावरच्या बाईने मला पुढे बोलावलं. फोनमधल्या बाईने तिचं म्हणणं सांगितलं, "आमच्या गृहातील प्रत्येक रहिवासी एकदा तरी घसरलेला आहे. आपण सत्य कळवले, म्हणून आम्हाला निर्णय घेता आला. खाट फेब्रुवारीपर्यंत राखू. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत." तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने पेन्सिल घेतली आणि नव्या कॅलेंडरवर, जानेवारीच्या पानावर, पहिली रेघ मारली.

आता जे खरं ते लिहिते. मला आनंद झाला. आणखी सहा आठवडे तो टेबलाशी बसणार होता. त्याची खाट मी लांबवली आणि मला त्यात आनंद झाला, असली मी बाई. त्या सहा आठवड्यांत मी घरून काहीही नेलं नाही. सूप वाढताना त्याला एकदाच विचारायची. तो हो म्हणाला तर वाढायची, नको म्हणाला तर पळी परत पातेल्यात. बोलणं मात्र मी चालू ठेवलं. लहानपणी विहिरीत पडले होते तेही सांगितलं, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत सकाळची बस होती. शेजारीण आणि मी बस स्टँडवर गेलो. त्या तरुण बाईने त्याच्या हातात कागद दिले, तिकडे उतरल्यावर कोण घ्यायला येणार त्याचा फोटो दाखवला. त्याच्या अंगावर धुतलेला कोट होता. खांद्याला एक पिशवी, बस्स.

शेजारणीने त्याला मिठी मारली. मला ते जमत नाही, मी नमस्कार केला. त्याने पिशवीत हात घातला, वाटेसाठी दिलेल्या खाऊतलं एक सफरचंद काढलं आणि माझ्यापुढे धरलं. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "नको, नको." शिवाय मी मानही हलवली.

त्याने माझी हललेली मान बघितली. सफरचंद नीट परत पिशवीत ठेवलं, मला मान लववली आणि बसमध्ये चढला. खिडकी त्याला पलीकडच्या बाजूची मिळाली, त्यामुळे तो मग दिसला नाही.

ट्रामकडे चालताना शेजारीण काहीतरी बोलत होती. मी ऐकत नव्हते. मला साखर आहे, पण सफरचंद चालतं.