चुकणारा क्वांटम

मी अक्षरं गिरवली ती दादांच्या उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर. दादा म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर; ते बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध स्वतः लिहायचे आणि रहिमतपूरच्या बाजारात उभं राहून वाटायचे.

गेल्या वर्षी त्यांची लढाई एका लॉकेटाशी होती. बाजारात एक जण ‘क्वांटम लॉकेट’ विकायचा. गुडघा, साखर, परीक्षा, सगळ्यावर तोच इलाज. दादांनी पत्रक काढलं: ‘क्वांटम नावाची फसवणूक’.

नेमकी तेव्हाच मी मोबाइलवर एक खेळ खेळू लागले होते. पडद्यावर रंगीत नळ्यांचा गुंता. नळी न तोडता तो सरकवत, ओढत लहान करायचा. प्रत्येक गुंता म्हणजे उद्याच्या क्वांटम संगणकानं करायचं एक गणित. गुंता आटला की तेच गणित कमी जागेत, कमी वेळात होणार. खेळणाऱ्यांची उत्तरं संशोधकांकडे जात. जगातलं इतकं अवघड यंत्र, आणि त्याच्या घडणीत सातारा जिल्ह्यातल्या मुलीचा अंगठा. मला याचा अभिमान होता आणि तो लपवायचं कारण दिसत नव्हतं. आपल्याकडच्या मुलींनीही खेळावं म्हणून मी पत्रक लिहिलं.

दादा ‘क्वांटम’ या शब्दावर थांबले. “ह्यो शब्द आपल्या कागदावर?”

“शब्द खरा हाय, दादा. लॉकेटवाल्यानं चोरलाय.”

“तुला म्हाईत. तो म्हणंल, मास्तरांनीच कबूल केलं. माझ्या कागदावर परत कोण इस्वास ठेवंल?”

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आवं, उद्या त्यानं ‘खरं’ नावाचं लॉकेट काढलं, तर खरं म्हणायचंबी सोडणार का?”

दादा हसले नाहीत. शेजारी येऊन बसले, “दाव खेळ” म्हणाले. मी नळी ओढली, गुंता फुगला. आधीपेक्षा मोठा झाला, असं पडद्यावर आलं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

“चुकलं की सांगतंय व्हय?”

“दर वेळी.”

त्यांनी पेन काढून पत्रकाखाली एक ओळ लिहिली: ‘हा खेळ आपली चूक दाखवतो. लॉकेटवाल्याला विचारा, तुमचं कधी चुकलं?’

बाजारात लॉकेटवाल्यानं तेच पत्रक लोकांपुढे नाचवलं. “मास्तर, तुमीच छापलंय की, क्वांटम खरं हाय.”

“हाय की,” दादा शांतपणे म्हणाले. “शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं.”

तो वाचेना. लॉकेट हातात घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं वाचली. “सांगा की, कवा चुकलं?”

“ह्ये चुकतच न्हाई, मावशी.”

“आमचं मालकबी ह्येच म्हणत्यात,” ती म्हणाली आणि लॉकेट परत ठेवलं. हसणाऱ्यांनी पत्रकं मागून घेतली.

परतीच्या एसटीत दादांनी मोबाइल मागितला आणि पहिलीच नळी ओढली. गुंता फुगला. “चुकलं,” ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, आणि मोठ्या ऐटीत पडदा त्याच्यापुढं धरला.