साठ वॅटचा बल्ब

नव्वदच्या दशकात नाशिकहून पेठला जाणाऱ्या एस.टी.त एक मास्तर दर सोमवारी माझ्या शेजारी बसायचे. मांडीवर रुमालात बांधलेला, वीज मोजायचा मीटर असायचा. खड्डा आला की त्यांचा हात आधी त्याच्यावर जायचा.

“शाळेत बल्ब लावून ठेवलेत, वीज जोडलीच नाही,” ते एकदा म्हणाले. “मी फळ्यावरच व्होल्टला अँपिअरने भागून रोध काढतो, गुणून वॅट काढतो. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर बोट करून विचारलं, या बल्बची पॉवर किती? एक पोरगी म्हणाली, ‘शून्य. करंटच नाय.’ साहेब खेकसले, ‘साठ! बल्बवर लिहिलंय ना?’ आणि सगळ्या वर्गाकडून तेच वदवून घेतलं.”

“तिनेही म्हटलं?”

रुमालाची गाठ आवळत मास्तर म्हणाले, “सगळ्यांत मोठ्याने.”