आमच्या माळाचे वनीकरण

माणसाने मनावर घेतले तर वाळवंटाचेही अरण्य होते. खालापूरजवळच्या आमच्या माळावर हे वाक्य मी ऐकले तेव्हा जुलै होता, वक्त्यांवर दोघांनी छत्र्या धरल्या होत्या आणि माइकमध्ये पाणी गेल्यामुळे अरण्य अर्धेच ऐकू आले. रसायनीकडच्या एका कारखान्याने आमचा माळ हिरवा करायचे ठरवले होते. गुडघाभर गवतात उभे राहून असे ठरवायला धैर्य लागते.

मी निवृत्त शिक्षक. अक्षर बरे म्हणून मला वनीकरण समितीवर घेतले. 'येथे तोडण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी माझ्या हातची.

हिवाळा लागला तशी शेजारची मावशी कोयता घेऊन दारात आली. माळावर ऐनाची ठेंगणी खोडे होती. दरवर्षी ती त्यांच्या फांद्या तोडायची, वाळवायची आणि भाताचे रोप टाकायच्या जागेवर पसरून जाळायची. हा राब. तो नीट भाजला की तण मरते आणि रोप जोमाने येते.

"मास्तर, ती पाटी तुमी लिवली?"

"हो."

"अक्षर चांगलं हाय. आता राब कशाचा भाजू? पाटीचा?"

"मावशी, तिथे जंगल व्हायचंय."

"मंग ऐन काय हाय? भाजीपाला?"

"ते आपण लावलेलं नाही," मी म्हणालो. समितीत बसले की असे बोलता येते.

समितीने लावलेले गुलमोहर पहिल्याच उन्हाळ्यात गेले. पुढच्या वर्षी लावलेलेही गेले. ऐन मात्र कोयता थांबल्यामुळे सुटला आणि तीन वर्षांत माझ्या डोक्यावर गेला. मावशीने या काळात शेण आणि पेंढ्यावर राब उरकला. रोप विरळ आले, अर्धे शेत रिकामे राहिले. जाता-येता ती मला ते दाखवायची.

चौथ्या हिवाळ्यात कारखान्याचे साहेब आले. त्यांनी ऐनाच्या बुंध्यावर थाप मारली. "काय छान रुजलंय!"

"रुजलंय?" मावशी माझ्या कानाशी म्हणाली. "माजा सासरा तोडायचा त्याला."

त्या यशामुळे आणखी झाडे मंजूर झाली. आराखड्यात ती सरळ रांगेत होती आणि रांगेत ऐन आडवा येत होता. मार्चच्या आत फोटो पाठवायचे असल्याने जानेवारीतच माणसे कुऱ्हाडी घेऊन आली. मी मुकादमाला पाटी दाखवली.

"ती लोकांसाठी हाय, मास्तर," तो म्हणाला. "हे वनीकरण हाय."

मावशीने मुकादमाला फांद्यांचे विचारले. त्याला त्या हलवायच्याच होत्या. दोन दिवसांत तिने सगळ्या वाहून नेल्या.

त्या पावसाळ्यात तिचे रोप गावात सगळ्यात चांगले आले.