धुळ्याचा बॅकअप

जितेंद्र बऱ्हाट्यांच्या घरातली सगळ्यात गार खोली माणसांसाठी नाही. जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिसावर, माणसं हॉलमध्ये पंख्याखाली तळून निघतायत, आणि कूलरचं तोंड मात्र कोठीच्या खोलीकडे. कारण तिथे गव्हाच्या दोन कोठ्यांच्या मधोमध सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे तरी काय, तर कॉलेजच्या भंगारातून उचललेला एक जुना कॉम्प्युटर. झाकण काढलेला, चार डिस्क जोडलेला, चोवीस तास घरघरणारा. त्यावर घरचे सगळे फोटो, भाऊबंदांच्या लग्नांचे व्हिडिओ, आणि आईनं, म्हणजे सुगंधाबाईंनी, जाण्याआधी म्हटलेली कानबाई देवीची एकवीस गाणी. यंत्राचं नाव जितेंद्रनं ‘कोठार’ ठेवलंय.

“मानसाईले घाम आनं डब्याले कूलर,” असं बायको चारुलता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जितेंद्र ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आपल्या वस्तू आपल्या घरात असाव्यात, कुठल्या परदेशी कंपनीच्या गोदामात नाही, हा त्याचा हट्ट. कॉलेजात तो लॅब असिस्टंट. तिथे त्याला कोणी फारसं विचारत नाही. पण घरी आला, शर्ट खुंटीला लावला आणि कोठीच्या खोलीत स्टूल ओढून बसला, की तो राजा.

आणि या राजाची एक जहागीरही होती. फोटोंचे अल्बम सांभाळणारा एक फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला प्रोग्राम आहे. त्याचं मराठी गेली नऊ वर्षं जितेंद्र एकटा करत होता. ‘अपलोड’ला ‘चढवा’ म्हणावं की ‘अपलोड’च राहू द्यावं, यावर त्यानं स्वतःशीच दोन महिने वाद घातला होता. त्या प्रोग्रामच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत काम करणाऱ्यांची नावं येतात, त्यात त्याचं नाव आहे. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ते पान दाखवलं जाई. पाहुणा “वा वा” म्हणे आणि चहाची वाट बघे.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी धुळ्याहून श्रेयांस छाजेड आला. सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान काढून पुढे धुळ्यात आलेलं मारवाडी घराणं, आणि हा तिथला नातू. तेव्हा चोवीस वर्षांचा असेल. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात दोन जुन्या डिस्क घेऊन दारात उभा. “काका, तुमचं नाव त्या प्रोग्रामच्या यादीत वाचलं. मला शिकवाल?” यादी वाचून आलेला जगातला पहिला माणूस! जितेंद्रनं त्याला दोन्ही वेळा जेवू घातलं.

शिकवलंही सगळं. श्रेयांसनं घरी यंत्र उभं केलं आणि नाव ठेवलं ‘पेढी’. मग दोघांनी एक व्यवस्था केली. आपलं विरजण बिघडलं तर शेजारणीकडचं मागून आणता यावं, तशी. जितेंद्रचं यंत्र रोज पहाटे धुळ्याच्या यंत्रातून जे नवं असेल ते ओढून आपल्याकडे ठेवी, श्रेयांसचं यंत्र तसंच जळगावचं ओढून ठेवी. एका गावात काही झालं तर दुसऱ्या गावात प्रत आहे. ज्याचं त्यानं आणावं, कोणी कोणाला विचारायचं नाही. विश्वासाचं काम.

आता इथवर सगळं गोड होतं. पण श्रेयांस शिकायचा थांबेना, हीच मोठी पंचाईत. पहिल्या वर्षी तो विचारी, दुसऱ्या वर्षी सुचवी, तिसऱ्या वर्षी जितेंद्रच्या यंत्रातली चूक इतक्या हळुवारपणे दाखवी की जितेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात जाई. दिवाळीला चारुलतेनं फोटो शोधायचे म्हणून नवऱ्याला न विचारता धुळ्याला फोन लावला. “तुमाले विचारलं की तुम्ही भाषण देता,” ती म्हणाली, “तो पोरगा पाच मिंटात सांगतो.” त्या दिवशी जितेंद्र फराळाला बसला तो नुसते चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिला.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी जळगावात या सगळ्या हौशी मंडळींची बैठक होती. पुण्याहून पाहुणे आलेले. त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं, की त्या अल्बमच्या प्रोग्राममध्ये मराठी नावं वर्षानुवर्षं उलटसुलट क्रमानं लागत होती, ती चूक आपल्या खान्देशच्या श्रेयांसनं दुरुस्त केली आणि त्याचं काम मूळ प्रोग्राममध्ये घेतलं गेलं. टाळ्या. शाल. नारळ. नऊ वर्षांच्या मराठीबद्दल एक शब्द नाही. तिसऱ्या रांगेत बसलेला जितेंद्र टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या पोटात नुसतं दुखत होतं. त्यावर कडी म्हणजे श्रेयांस माईकवर म्हणाला, “हे सगळं मला जितूकाकांनी शिकवलं.” पन्नास माना मागे वळल्या आणि पुन्हा पुढे झाल्या. तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं जितेंद्रला वाटलं.

घरी येताना चारुलता म्हणाली, “किती शांत बोलला पोरगा, नाही?”

जितेंद्र चपला न काढता कोठीच्या खोलीत गेला. रोज काय करायचं याची यंत्राला दिलेली एक यादी असते, ती उघडली. त्यात एक ओळ धुळ्याची. ओळीच्या आधी हॅशची, म्हणजे दोन आडव्या दोन उभ्या रेघांची खूण घातली, की यंत्र ती ओळ बघतं पण मानत नाही. जितेंद्रनं खूण घातली. एक बटण. कोणाचं काही पुसलं नाही, काही तोडलं नाही. धुळ्यात कोणाला कळणारही नव्हतं. पण त्या रात्री त्याला छान झोप लागली, हे सांगायलाच हवं.

मेच्या पहिल्या आठवड्यात श्रेयांसचे आजोबा गेले. फुलचंदजी, वय एक्याण्णव. जितेंद्र दुखवट्याला धुळ्याला गेला. तिथे त्याला कळलं, की दिवाळीपासून रोज संध्याकाळी श्रेयांस आजोबांना एक प्रश्न विचारी आणि ते बोलत ते रेकॉर्ड करी. सोनगीरचं दुकान, दुष्काळ, गिऱ्हाइकांच्या गमती, सगळं. फुलचंदजी मारवाडी खरे, पण अहिराणी अशी बोलत की खेड्यातला माणूस चकित होई. “शेवटच्या दोन महिन्यांत तर रोज तासभर बोलायचे, काका,” श्रेयांस म्हणाला. “फोन भरला की मी फोनमधलं पुसतो. पेढीवर आहे आणि तुमच्याकडे आहे, म्हणून बिनधास्त.”

बसमध्ये बसल्या बसल्या जितेंद्रनं ठरवलं, घरी गेलो की आधी ती खूण काढायची. घरी गेलाही, स्टूलही ओढलं, यादीही उघडली. तेवढ्यात हौशी मंडळींच्या ग्रुपवर संदेश टुणकला. श्रेयांसला बंगळुरूच्या संमेलनात बोलायला बोलावलंय, अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. चौतीस अभिनंदनं जितेंद्रनं मोजली. पस्तिसावं त्यानं स्वतः टाकलं आणि यादी मिटून उठला. उद्या काढू, घाई काय आहे.

मेच्या शेवटी धुळ्यात वादळ झालं. गल्लीतली तार तुटली आणि घराघरांत विजेचा नको तेवढा दाब आला. पंखे जळाले, फ्रीज जळाले, आणि पेढीच्या दोन्ही डिस्क जळाल्या. सकाळी श्रेयांसचा फोन आला तो चक्क हसत. “काका, पेढी बसली! पण आपण उगाच नाही इतकी वर्षं हे करत. तुमच्याकडची प्रत डिस्कवर घेऊन या ना रविवारी. आजी म्हणते, आजोबांचा आवाज ऐकायचाय.”

रविवारी जितेंद्र एरंडोल, पारोळा करत बसनं निघाला. मांडीवरच्या पिशवीत डिस्क, आणि तिच्यात नऊ मार्चपर्यंतचं सगळं. डोक्यात एक तयार वाक्य: ‘उन्हानं माझीही एक डिस्क गेली रे.’ जळगावच्या उन्हावर कोणीही विश्वास ठेवतं. पारोळ्यापर्यंत ते वाक्य त्याला पाठ झालं होतं.

छाजेडांच्या हॉलमध्ये श्रेयांसची आजी, झमकूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. श्रेयांसनं नवं यंत्र टेबलावर मांडलं होतं.

“कालच उभं केलं,” तो म्हणाला. “सगळ्यात आधी तुमचं ओढून घेतलं, काका. चार दिवस तुमची दुसरी प्रत कुठेच नव्हती ना. सुगंधाआजींची गाणी त्यात आहेत. मला झोप येईना.”

जितेंद्रला पाणी पिताना ठसका लागला.

डिस्क लावली. फुलचंदजींचा आवाज हॉलमध्ये आला, दमदार, थोडा खोकत. लग्नाची गोष्ट होती. वरातीची मोटार सोनगीरच्या किल्ल्याखाली बंद पडली, नवरी खाली उतरून झाडाखाली बसली, आणि नवरदेव पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ गेला. झमकूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं होतं. त्या हसत होत्या. नवरदेव तिला काय म्हणाला, ते आता येणार, तेवढ्यात आवाज थबकला आणि म्हणाला, “बठ्ठं आजच ऐकी लेशी का? बाकीनं सकाय सांगसू.”

बाकीचं उद्या, असं सांगून रेकॉर्डिंग संपलं.

“उद्याचं लाव,” झमकूबाई म्हणाल्या. “काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. पण त्यांच्या तोंडून ऐकू दे.”

श्रेयांस पडद्यावरची यादी खाली-वर बघत राहिला. “काका, दहा मार्चपासूनचं दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे का?”

जितेंद्रनं तोंड उघडलं. उन्हाचं वाक्य जिभेवर होतं, पारोळ्यापासून घोटून आणलेलं. झमकूबाई त्याच्याकडे चांगला कान करून बघत होत्या.

“नाही,” तो म्हणाला. “मी घेतलंच नाही. बैठकीच्या दिवशी मी तुझी ओळ बंद केली, श्रेयांस. शाल तुला मिळाली म्हणून. आजोबा गेले तेव्हा पुन्हा चालू करणार होतो. केली असती तर सगळं आलं असतं. तुझ्या बंगळुरूचं कळलं आणि नाही केली. जळलो मी तुझ्यावर.”

श्रेयांसचा हात माउसवर तसाच राहिला. झमकूबाईंना ओळ, बैठक, बंगळुरू यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे उद्याचं नाही?”

“नाही, आजी.”

त्या बराच वेळ पदर नीट करत बसल्या. मग नातवाला म्हणाल्या, “आहे तेच पुन्हा लाव.” श्रेयांसनं लावलं. जितेंद्रनं ते पूर्ण ऐकलं, उठून जायची हिंमत त्याला झाली नाही.

श्रेयांस त्याला बसस्टँडवर सोडायला आला. बस लागल्यावर म्हणाला, “तुमची प्रत मी रोज घेत राहीन.” त्याच्या बोलण्यात नेहमी ‘काका’ असे, ते या वेळी आलं नाही.

घरी पोचल्यावर जितेंद्रनं सगळ्यात आधी ती खूण काढली. चारुलतेनं जेवायला दोनदा हाक मारली, तो आला नाही. पहाटे यंत्र नेमल्या वेळी धुळ्याला गेलं आणि परत येऊन त्यानं रोजच्यासारखा अहवाल लिहिला. जितेंद्र समोरच बसला होता. त्यानं तो वाचला. धुळ्याशी जोडलं गेलं, सगळं तपासलं, नवीन काही मिळालं नाही.