विमलची सगुणा

विमल पाटोळे कोणाच्याही घरी गेली की आधी धान्याच्या डब्यात हात घालायची. सलाम नंतर. कोपरापर्यंत हात आत, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मग निकाल. "ही बाजरी मागल्या सालची हाय. वाण्यानं तुला बनवलं, सुशे." आमच्या गल्लीतला वाणी तिला लांबून पाहिले की पोत्यांची तोंडे दुमडून घेई.

जेनी, परवा तू फोनवर विचारलेस की कथेतल्या एखाद्या माणसाचे विचार आपल्या श्रद्धेला धक्का देत असतील, तर ते पुस्तक मिटून ठेवावे का. मला मिटून ठेवता आले नाही. ती हकिगत तुम्हा दोघा नातवंडांना, तुला आणि सॅमला, क्रमाने सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही.

विमल आणि मी नगरच्या एकाच मुलींच्या शाळेत शिकवत होतो. मी इंग्रजी, ती मराठी. ती मूळची सोनईची. वर्गात अगदी शुद्ध बोलायची, पण माझ्यापाशी आली की सोनईची होऊन जायची. आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकात ती गोष्टी लिहायची. मी म्हणायचे, "विमल, तुझ्या गोष्टीतल्या बायका फार भांडतात." ती म्हणायची, "न भांडनाऱ्या बाया मला ठाऊकच न्हाईत गं. तू बी न्हाईस."

आता मुठीची पद्धत सांगते, तुम्ही ती पाहिलेली नाही. आमच्या मंडळीतल्या प्रत्येक घरात चुलीजवळ मांजरपाटाची एक पिशवी टांगलेली असे. रोज स्वयंपाकाला लागण्याआधी, त्या दिवशी जे शिजायचे त्याची एक मूठ त्या पिशवीत टाकायची. कधी बाजरी, कधी ज्वारी, कधी तांदळाच्या कण्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी पिशव्या चर्चमध्ये येत. महिला मंडळाची चिटणीस म्हणून मी त्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात ओतत असे, आणि ते धान्य मंडळीतल्या विधवांच्या घरी जाई. विमल माझ्या मदतीला असे. स्वतःची पिशवी मात्र ती मी पोहोचण्याआधीच ओतून मोकळी झालेली असे. तिच्या या तत्परतेचे मला कौतुक वाटे.

बहात्तरचा दुष्काळ पडला. माझा धाकटा भाऊ, तुमचे दानिएल आजोबा, पारनेरकडे दुष्काळी कामावर हजेरी लिहायला लागला होता. उन्हाळ्यात तिथे कॉलरा आला. सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळी तो नव्हता. चोवीस वर्षांचा होता. पुरून आलो त्या दिवसापासून आठ दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही. विमल रोज दुपारी फडक्याखाली भाकरी झाकून आणायची, ताट समोर ठेवायची आणि मी खाईपर्यंत उठायची नाही. "रड, पन तोंड हालव," म्हणायची.

नवव्या दिवशी मी चूल पेटवली, पण मूठ टाकली नाही. त्यानंतर टाकलीच नाही. चर्चला जात होते, गीते म्हणत होते, सभेत प्रार्थना सांगत होते. घरात मात्र देवाशी माझा अबोला होता. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणून पिशवी एकदम भरत असे. तीन महिने कोणाला कळले नाही. चौथ्या महिन्यात विमलने सहज माझ्या पिशवीत हात घातला, मूठभर दाणे वर काढले आणि पाहतच राहिली.

"सुशे, ही कवा भरलीस?"

"महिनाभर. कधी म्हणजे काय?"

"महिनाभराची पिशवी रंगीबेरंगी असती. ही एकरंगी हाय. काल भरलीस तू."

चर्चच्या मागच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यावर बसून मी तिला सगळे सांगितले. तिने माझा हात धरला. "माझ्यापाशी ऱ्हाईल हे," म्हणाली. तिचे ते शब्द मी आजवर विसरले नाही.

पुढे महिन्याभराने, एका साध्या सकाळी, कण्या धुवायला घेतल्या आणि फडक्याखालच्या त्या भाकरी आठवल्या. माझा हात पिशवीकडे गेला. तेही मी विमललाच सांगितले. तिने खाली पाहत विचारले, "मग उत्तर मिळालं तुला?"

"नाही."

"आन् तरी टाकलीस?"

"तरी टाकली."



नाताळच्या अंकात तिची गोष्ट आली. सगुणा नावाच्या बाईचा भाऊ दुष्काळात मरतो. सगुणा मूठ टाकणे बंद करते आणि महिन्याच्या शेवटी पिशवी दुकानातून भरून नेते. पाळक तिला पकडतात, तेव्हा ती म्हणते, "मी देवाच्या दारात रोज जाते. तो माझ्या दारात एकदाही आला नाही. येईल तेव्हा मूठ टाकीन." गोष्ट तिथेच संपते. पिशवी रिकामी लोंबकळत राहते.

मी ती उभ्यानेच वाचली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सगुणेवर उपदेश केला. अशी बाई म्हणजे मंडळीला लागलेली कीड, असे म्हणाले. मी दुसऱ्या बाकावर, विमल माझ्या शेजारी. त्यानंतर महिला मंडळाच्या सभेत बायकांनी सगुणेला सोलून काढले. "बाई, नरकात जायची ही!" "आपल्यात नाही कोणी अशी, देवाची कृपा." सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, कारण मी चिटणीस. मी म्हणाले, "अशी बाई आपल्या मंडळीत असती, तर मी तिची पिशवी डब्यात ओतली नसती."

विमल हळूच म्हणाली, "नसती ओतलीस?"

घरी जाताना रस्त्यात मी तिला गाठले. "तू मला विकलंस, विमल."

"तुझं नाव कुटं घातलंय मी?"

"नाव घातलं नाहीस म्हणून मी ओळखू येत नाही का? माझी मला तर ओळखू येते ना! आणि अर्धंच का लिहिलंस? मी परत मूठ टाकली, ते कुठे गेलं?"

"परत येनाऱ्या बाया अंकात दर महिन्याला असत्यात, सुशे. थांबलेली एक तरी नको?"

"ती खोटी आहे."

"खोटी न्हाई," ती म्हणाली. "तुझ्यासारखी न्हाई, येवढंच."

त्यानंतर आम्ही शाळेत फक्त कामापुरते बोलायचो. सगुणेशी मात्र मी रोज बोलत होते, म्हणजे भांडत होते. भाकरी थापताना तिला सांगायचे, तो तुझ्या दारात आला नाही म्हणतेस, पण माझ्या दारात आठ दिवस भाकरी आली. कोणाच्या हातून आली याने काय फरक पडतो? उत्तर मलाही मिळाले नाही. भाऊ परत आला नाही. पण मी उपाशी राहिले नाही, आणि देव आपल्या दारात असाच येतो, फडके झाकून, असे मी मानते. मग एक दिवस लक्षात आले की गोष्टीतल्या सगुणेकडे भाकरी आणणारी कोणी नाही. विमलने स्वतःलाच गोष्टीतून काढून टाकले होते. मला वाटले, तिने मुद्दाम केले, सगुणेला जिंकून द्यायला. राग आणखी वाढला.

पुढच्या मे महिन्यात तिच्या यजमानांची सोलापूरला बदली झाली. मी निरोपाला एसटी स्टँडवर गेले, कारण न जाणे बरे दिसले नसते. गाडी सुटायच्या वेळी तिने खिडकीतून मांजरपाटाची पिशवी माझ्या हातात दिली.

"या महिन्याची माझी मूठ. तूच वत डब्यात."

एवढ्या वर्षांत तिची पिशवी माझ्या हातात पहिल्यांदाच आली होती. गाडी फाटकाबाहेर गेली. तिथेच बाकावर बसून मी गाठ सोडली आणि तिच्यासारखा कोपरापर्यंत हात आत घातला. वरपासून तळापर्यंत एकच बाजरी होती. नवी, कोरडी, एका दिवशी भरलेली.

म्हणून ती आपली पिशवी माझ्या आधी ओतून टाकत होती. किती वर्षे, ते मला माहीत नाही. का, तेही माहीत नाही. दोन पत्रे लिहिली, दोन्हींना उत्तरे आली, त्यात फक्त सोलापूरचे ऊन होते. पुढे ती वारल्याचे मला मासिकातूनच कळले.

सगुणेवर मी चिडले, ते ती माझी आहे असे समजून. ती विमलचीही होती. माझे गुपित तिने छापले, ते मी केव्हाच सोडून दिले. तिचे गुपित तिने मला सांगितले नाही, ते मात्र आजही खुपते. मी तिच्यापाशी सगळे बोलले होते. ती बोलली ती पिशवीतून, तेही गाडी सुटल्यावर.

त्या रविवारी मी तिची बाजरी डब्यात ओतली. हाताने सगळ्यांच्या धान्यात मिसळली, दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून. आठ दिवस मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. तिच्या घरी भाकरी घेऊन जायची वेळ केव्हा येऊन गेली, ते तिने मला कळू दिले नाही.