देव त्याला बरं करो

बेथिया क्रॉम्बी भट्टीवरचं मीठ पाठीवरच्या टोपलीतून गावोगाव विकायची आणि रस्ताभर शिव्या घालायची. वाऱ्याला, कोंबड्यांना, पाद्रीबाबांच्या कुत्र्याला. तिच्या शिव्या लागत असत्या तर आमच्या फाइफच्या किनाऱ्यावर पुरायला जागा उरली नसती. मी शेजारीण, म्हणून मला रोजचा वाटा मिळायचा.

गिरणीवाला निनियन टॉड मापात मारायचा. बेथियानं एकदा त्याला सुनावलं, "तुझ्या घशाखाली घास उतरू नये, मेल्या." निनियन तापानं पडला आणि घास खरंच उतरेना.

मग आमच्याकडची रीत. ज्याच्या तोंडून वाईट निघालं, त्याच्याच तोंडून बरं मागून घ्यायचं. निनियनची बायको ग्रिझेल बेथियाच्या दारात गुडघे टेकून बसली. देवाच्या नावानं तीनदा म्हणाली, "माझ्या नवऱ्याची तब्येत परत दे गं."

मी बेथियाला कोपरानं ढोसलं. "गप्प बस. बोललीस तर अंगाशी येईल."

"गप्प बसले आणि तो मेला, तर मी मारला. बोलले आणि तो उठला, तर मी उठवला. आता तूच सांग." ग्रिझेल रडत होती, त्यात पोटुशी. बेथियानं कपाळाला हात लावला. "देव त्याला बरं करो. ऊठ आता, जमीन ओली आहे."

आठवड्याभरात निनियन हेरिंग मासे चापायला लागला.

मग बेथियावर चेटकाचा आळ आला, आणि चर्चच्या पंचांपुढे ग्रिझेलनं शपथेवर सगळं सांगितलं. एक अक्षर खोटं बोलली नाही बिचारी. पाद्रीबाबा म्हणाले, "तुझ्या शब्दानं ताप उतरला, म्हणजे तुझ्याच शब्दानं चढला होता."

"आणि नसता उतरला तर?"

"तर आकसानं तूच उतरू दिला नसतास."

"बरं आहे बाबा तुमचं," बेथिया म्हणाली. मग तिला झोपूच दिलं नाही, तेव्हा विचारतील ते सगळं तिनं कबूल केलं. आधी गळा आवळला, नंतर जाळलं. सरपण निनियननं वाहून आणलं. अंगात ताकद आली होती ना. मला तिची फार आठवण येते. सकाळी कुणी शिव्याच घालत नाही.

यंदा ग्रिझेलची पोर तापानं फणफणली. ग्रिझेल दारोदार फिरली. म्हणे, "देव तिला बरं करो" एवढंच तोंडानं म्हणा. अख्ख्या गावात एकाची जीभ उचलेना. पाद्रीबाबांचा तर नेमका घसा बसला होता. माझ्या दाराशी आली तेव्हा मी म्हटलं, "ग्रिझेल, ते म्हणणारी एकच होती, आणि तिला तुम्ही जाळलंत."

पोर शुक्रवारी गेली. मातीला मात्र सारं गाव आलं.