अण्णांच्या चिठ्ठीतली रेघ

मला आयुष्यभर दोन गोष्टींची धास्ती वाटत आली आहे. दाराला कुलूप लावलं की नाही ही एक, आणि बेरीज एक आली की नाही ही दुसरी. पहिली बहुतेकांना असते. दुसरी मला बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात चिकटली. एकोणीसशे साठच्या दशकात मी तिथे संख्याशास्त्र सहायक म्हणून नोकरीला लागले होते.

कारखान्यात रेडिओचे संच बनायचे. प्रत्येक संचाच्या चौकटीवर सोल्डरिंगचे शे-दीडशे सांधे असत आणि पाच तपासनीस ते सांधे पाहत. कुठे कथील कमी पडलं, कुठे तार सुटी राहिली, असे दोष मोजून प्रत्येक चौकटीपुढे आकडा लिहीत आणि दिवसाच्या शेवटी चिठ्ठी आमच्या विभागात पाठवत. मी पुण्याहून पदवी घेऊन आलेली बावीस वर्षांची मुलगी. वर्षभर प्रोबेशन होतं. त्या वर्षात एकही चूक झाली तर सामान बांधून परत जावं लागेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तसं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

असल्या मोजणीसाठी एक सूत्र असतं. चौकटीमागे सरासरी दोन दोष निघत असतील, तर शंभर चौकटींपैकी साधारण किती स्वच्छ निघतील, कितींत एक दोष असेल, कितींत दोन, हे ते सांगतं. सगळ्या शक्यता मिळून एक व्हायला पाहिजे, म्हणजे शंभरातल्या शंभर. आमच्या साहेबांनी खटपट करून शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या संगणकावर दर शनिवारी दोन तास मिळवले होते आणि सूत्राचा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्यावर टाकलं होतं. साहेब मुंबईचे, हुशार, आणि अत्यंत घाईचे. मी संगणक तोवर फक्त फोटोत पाहिलेला.

पहिल्या शनिवारी कागद बाहेर आला आणि मी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. सात दोष निघण्याची शक्यता शंभरात अर्धीसुद्धा नव्हती, ते बरोबरच होतं. पण आठ दोषांची शक्यता एकदम शंभरात अकरा. सगळ्याची बेरीज एकाच्या वर गेलेली. सात दोष दुर्मीळ आणि आठ मात्र ढिगाने, हे कुठल्या जगात होईल? साहेबांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या शनिवारपर्यंत बघा म्हणाले. एवढंच म्हणाले, पण तो आठवडाभर माझी जेवणावरची वासना उडाली.

मी आकडेमोड हाताने करत बसले. सूत्रात एकपासून आठपर्यंतच्या अंकांचा गुणाकार येतो. सातपर्यंत तो पाच हजार चाळीस होतो, आठला चाळीस हजार तीनशे वीस. आणि त्या यंत्रात पूर्णांकाला जागा होती चारच घरांची. डावीकडचा चार ते बिनतक्रार गाळून टाकत होतं आणि उरलेल्या तीनशे वीसने भागत होतं. मग मी तो गुणाकारच काढून टाकला. आधीच्या शक्यतेवरून पुढची काढायची, सरासरीने गुणायचं आणि अंकाने भागायचं, असं केलं. पुढच्या शनिवारी बेरीज एक आली आणि माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी विभागातल्या सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. त्या कौतुकाने मी बिघडले असं आज वाटतं, कारण त्यानंतर बेरीज एक आली की सगळं आलं अशी माझी समजूत झाली.

मग पाचही तपासनिसांच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या आम्ही यंत्राला वाचता येतील अशा, भोकं पाडायच्या कार्डांवर टिपून घेतल्या. टिपण्याचं काम संस्थेतल्या दोन मुली करत. त्यांच्यासाठी अर्ध्या पानाच्या सूचना मी लिहून दिल्या होत्या. चार तपासनिसांचे आकडे सूत्रावर असे बसले की पुस्तकात उदाहरण म्हणून छापावेत. पाचवे अण्णा. त्यांच्या चौकटींत शंभरात पंचवीस स्वच्छ निघायला हव्या होत्या, निघाल्या होत्या चाळीस.

अण्णा सगळ्यांत जुने तपासनीस. नगरथपेठेतलं, कितीतरी पिढ्यांपासून बंगळूरचंच झालेलं मराठी घर. मला खोली त्यांनीच त्यांच्या नात्यात मिळवून दिली होती, आणि पहिला महिनाभर त्यांची बायको मला डबा पाठवत असे. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता, आणि धाकट्या मुलीचं शिक्षण त्या दोन वर्षांवर अवलंबून होतं. हे मला त्यांच्या घरात बसून, त्यांचंच उप्पिट खाताना कळलेलं होतं.

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. न बघता शून्य लिहून टाकलेत, म्हणाले, घरी लवकर जायचं असेल. इतकी शून्यं नशिबाने येत नाहीत. मी चाचरत म्हटलं की कदाचित प्रोग्रॅममध्ये काही असेल.

"बेरीज एक येते ना?"

"येते."

"मग सही करा."

मी सही केली. भीतीने केली, दुसरं कारण नाही. खोटे आकडे लिहिल्याबद्दल अण्णांची चौकशी लागली आणि ती माझ्या सहीच्या कागदावर लागली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये अण्णा दिसले तेव्हा मी पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि उतरेपर्यंत मान वळवली नाही. त्यांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ते मागून विचारत होते की आज बरं नाही का.

चौकशी दहा दिवसांनी होती. ते दहा दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. देवाजवळ चूक मागितली म्हणा ना. सरासरी दोन, तीन, चार घेऊन हाताने आकडे काढले, यंत्राचे शेजारी मांडले. शेवटच्या दशांशापर्यंत जुळत होते. इतकी वाईट वाटणारी बरोबर उत्तरं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. रात्री डोळा लागत नसे. अण्णा खोटं लिहितील हे मला पटत नव्हतं आणि आकडे खोटं बोलतील हेही पटत नव्हतं.

मधल्या शनिवारी यंत्र मोकळं होण्याची वाट पाहत बाहेर बसले असताना मी अण्णांच्या कार्डांचा गठ्ठा नुसताच चाळत होते. एक कार्ड खिडकीकडे धरलं. आकड्याच्या जागी भोक असायला हवं. शून्यालासुद्धा भोक असतं, शून्याच्या ओळीत. या कार्डावर दोन-तीन घरांत भोकच नव्हतं. दुसरं कार्ड धरलं, तिसरं धरलं. बऱ्याच कार्डांवर शेवटची घरं तशीच कोरी. आणि यंत्राला कोरी जागा कळत नाही. कोरं घर दिसलं की ते शून्य वाचतं. हे यंत्राच्या पुस्तिकेत छापलेलं होतं आणि मी वाचलेलंही होतं.

सोमवारी मूळ चिठ्ठ्या काढल्या. त्या घरांत अण्णांनी बारीक आडवी रेघ ओढली होती. माझ्या सूचनांत तिसऱ्या ओळीला लिहिलेलं होतं की अंकाशिवाय दुसरं काही दिसल्यास जागा मोकळी सोडावी. अक्षर माझंच.

दुपारच्या सुट्टीत मी तपासणीच्या शेडमध्ये गेले. तोवर अण्णांना चौकशीची नोटीस मिळाली होती. तरी त्यांनी मला बसायला स्टूल सरकवून दिलं. मी विचारलं, चिठ्ठीत रेघ का ओढता. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. त्यांच्या घराण्यात पूर्वी मोत्यांचा व्यापार होता. मोती पाहायचा तो दिवसाउजेडी, उत्तरेकडे तोंड करून, आणि ऊन उतरलं की पेटी बंद करायची, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. मोती गेले, पेढी गेली, पण अण्णांनी डोळ्याचा तेवढा नियम कारखान्यात आणला होता. पावसाळी दिवसांत चारनंतर शेडमधला उजेड कमी व्हायचा आणि बल्ब लागायचे.

"बल्बखाली कथील सगळं सारखंच चमकतं, पोरी. उजेड स्वल्प कमी झाला की मी बघत नाही. नाही बघितलं तर रेघ. शून्य कसं लिहू? शून्य म्हणजे बघितलं आणि स्वच्छ आहे."

राहिलेल्या चौकटींचं काय करता, असं मी विचारलं. तर ते दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसची वाट न बघता तासभर आधी सायकलने येत आणि राहिलेल्या चौकटी सगळ्यांत आधी तपासून नव्या दिवसाच्या चिठ्ठीत लिहीत. एकही चौकट न बघता पुढे गेली नव्हती.

मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. चूक माझी आहे असं त्यांना सांगितलं. यंत्र, कोरी जागा, माझी तिसरी ओळ, सगळं. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं की हे साहेबांना सांगितलंस तर तुझ्या नोकरीचं काय. मी म्हटलं, माहीत नाही. खरोखरच माहीत नव्हतं. आई म्हणायची तसं हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं होतं, आणि न घेऊन चालणार नव्हतं.

साहेबांनी माझं ऐकून घेतलं. ओरडतील म्हणून मी खुर्चीचा हात धरून बसले होते, पण ते ओरडले नाहीत. रेघांची घरं वगळून पुन्हा चालवा म्हणाले. शनिवारी चालवलं. अण्णांचे आकडे सूत्रावर व्यवस्थित बसले. चौकशी मागे घेतली गेली आणि तसं पत्र अण्णांना मिळालं. मी दोन दिवस पोटभर जेवले.

पण माझ्या डोक्यात आता दुसरा किडा शिरला होता. बल्ब पाचही जणांच्या डोक्यावर होते. मग बाकीच्या चौघांच्या चिठ्ठ्यांत एकही रेघ का नाही? मी त्यांच्या चिठ्ठ्यांतली शेवटची, म्हणजे चारनंतरची घरं वेगळी काढली आणि तेवढीच यंत्रात घातली. खऱ्या मोजणीत आकडे उड्या मारतात, मध्येच शून्य येतं, मध्येच पाच येतात. या चौघांचे संध्याकाळचे आकडे एक, दोन, दोन, एक, तीन, दोन असे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते. शून्य जवळजवळ नाही, चारच्या वर काही नाही. दिवसभराच्या आकड्यांत मिसळले की ते दिसत नव्हते, म्हणून सगळं सुरेख वाटलं होतं. न बघता आकडे लिहिणारे होते, फक्त ते अण्णा नव्हते.

तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला. त्यांना माझ्याइतकंच समजलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली.

"बाई, तपासनीस पाच आहेत. एक कमी झाला तर मी चालवून नेईन. चार कमी झाले तर कारखाना बंद ठेवावा लागेल."

मी म्हटलं की मग एकही कमी करू नका, जास्त उजेडाचे दिवे लावा. दिव्यांची मागणी वर पाठवतो, म्हणाले. ती पाठवली की नाही मला माहीत नाही, मी असेपर्यंत तेच बल्ब होते. पुढे म्हणाले, चिठ्ठी त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवी असा नियम आहे, आणि अण्णांनी तो मोडल्याचं तुम्हीच तर शोधून काढलंत. मुदतवाढीचा अर्ज त्याच नियमाखाली नामंजूर झाला.

अण्णांना सांगायला मी स्वतः गेले. त्यांना ते आधीच कळलं होतं. अंगणात सायकल पुसत होते. मी काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "कागदावर मी खोटं लिहिलं असं कुठे राहिलंय का?" मी नाही म्हटलं. कानडीत "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि पुसत राहिले. त्यांच्या धाकट्या मुलीने मला पाणी आणून दिलं. ती त्या वर्षी टायपिंग शिकायला लागली होती. पुढे ती कॉलेजात गेली नाही.

अण्णा निवृत्त झाल्यावर साहेबांनी मला बोलावलं. चिठ्ठीचा छापील नमुना बदलायचा होता, आणि सूचना माझ्याइतकं नेमकं कुणी लिहीत नाही, असं त्यांचं मत होतं. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते. एकही रकाना रिकामा ठेवू नये, रेघ ओढू नये, प्रत्येक चौकटीपुढे त्याच दिवशी आकडा लिहावा. मी ते एका बैठकीत लिहून दिलं, कुठेही खाडाखोड न करता.